ब्रेकलाइट लागला का?

आमच्या घरी सकाळ चहाने सुरू व्हायची नाही, ब्रेकने व्हायची.

बाबा आरोग्य खात्यात ड्रायव्हर होते. अमरावतीहून धारणीकडच्या दवाखान्यांत औषधं, डॉक्टर, नर्सबाया असं जे काही न्यायचं असेल ते त्यांच्या जीपमधून जायचं. मेळघाटातला तो रस्ता आजही फार सुधारलाय असं नाही. तेव्हा तर वळण कुठे संपतं आणि खड्डा कुठे सुरू होतो ते बाबांनाच ठाऊक. जीप रात्रीची आमच्या क्वार्टरसमोर उभी असायची. सकाळी अंघोळ उरकली की बाबा बॉनेट उघडून तेलपाणी बघायचे, चारही चाकांना एकेक लाथ घालायचे, मग सीटवर चढून ब्रेक दाबायचे आणि मान न वळवता ओरडायचे, “लागला का?”

आई जीपच्या मागे उभी असायची. हातात कधी झाडू, कधी तांदूळ पाखडायचं सूप. मागच्या लाल दिव्याकडे बघून ती सांगायची, “लागला!”

मग बाबा निघायचे. एखाद्या दिवशी ती “नाही” म्हणाली, तर डॉक्टरसाहेब येऊन उभे राहिले तरी जीप जागची हलायची नाही. एकदा मी बाबांना विचारलं होतं की समोरचे दिवे तुम्ही एवढे बघत नाही, मग मागच्या एका दिव्याचं एवढं काय. ते म्हणाले, “समोरचं मले दिसते. मांगच्याले मी थांबलो हे कसं समजन?” हे त्यांचं उत्तर मला तेव्हा अगदीच साधं वाटलं होतं.

खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकाराची मला लाज वाटायची. कॉलेजात जायला लागल्यावर तर फारच. शेजारच्या काकू आईला म्हणायच्या, “तुमचं लागला झालं की मी कुकर लावते.” गल्लीतली पोरं खेळताना “लागला का?” अशी आरोळी ठोकायची आणि बाकीची कोरसमध्ये उत्तर द्यायची. मी दात-ओठ खात आत बसायची. आईबाबांची भांडणंही दणदणीत व्हायची. दोघेही तोंडाचे फटकळ आणि हट्टाचे पक्के. एकदा भांडले की चार-चार दिवस अबोला. पण त्या अबोल्यातही सकाळचा हा प्रश्न आणि हे उत्तर चुकायचं नाही. किंबहुना त्या चार दिवसांत त्यांच्यात होणारं बोलणं तेवढंच. आवाजावरून मला कळायचं की राग आज किती उतरलाय.

बाबा निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, संपलं एकदाचं. कसलं काय! त्यांनी एक जुनी पांढरी गाडी विकत घेतली आणि भाजी आणायला निघाले तरी आईला बाहेर बोलवायला लागले. तोवर आमचं स्वतःचं घर झालं होतं, पुढे छोटं अंगण आणि कंपाउंडची भिंत. बाबा गाडी कायम उलटी आत घ्यायचे, तोंड फाटकाकडे आणि पाठ भिंतीकडे. भिंत आणि गाडी यांच्यामध्ये जेमतेम दोन माणसं मावतील एवढी जागा राहायची, आणि त्या बोळकांडीत आई उभी राहायची.

गाडीच्या वायरिंगचं काम मात्र ते अमरावतीत कधीच करायचे नाहीत. पाच मिनिटांवर दुकानं असताना गाडी घेऊन अकोल्याला जायचे. नोकरीची पहिली काही वर्षं त्यांनी अकोल्यात काढली होती आणि तिथल्या एका वायरिंग मिस्त्रीवर त्यांचा फार जीव. त्यांच्याहून आठ-दहा वर्षांनी लहान असेल. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. हॉर्न बिघडला की बाबा सकाळी जायचे आणि संध्याकाळी परत यायचे, हॉर्न वाजवत आणि चाचाच्या घरचा खिमा खाऊन. आई म्हणायची, “हार्न बिघडते का याईची जीभ बिघडते, कोनाले मालूम.”

एका दिवाळीला घराला चुना मारला आणि बाबांनी त्या कंपाउंडच्या भिंतीवर एक आरसा ठोकला. कशाला, तर म्हणे दाढी करायला, अंगणात उजेड चांगला येतो म्हणून. आरसा चांगला मोठा होता, जुन्या कपाटाच्या दाराचा. पण त्यांनी तो लावला कंबरेएवढ्या उंचीवर, भिंतीच्या मधोमधही नाही, उजव्या कोपऱ्याकडे, आणि वर तिरपा. मी तेव्हा परगावी शाळेत शिकवायचे, सुट्टीत आले होते. हसून हसून माझी पुरेवाट झाली. म्हटलं, “बाबा, यात तुमचं पोट तेवढं दिसेल. दाढी पोटाला आहे का?” दुसऱ्या दिवशी एक बुटकं स्टूल आणून ते आरशासमोर बसले आणि वाकून-वाकून दाढी केली. गालाला दोन ठिकाणी कापलं. त्यानंतर रोज तसंच, गाडी आणि भिंत यांच्या मध्ये अंग चोरून बसायचं आणि दाढी करायची. गल्लीत येणारा-जाणारा फाटकातून बघून हसायचा. बाबांना लोक हसले तर चालायचं नाही, पण या बाबतीत त्यांनी सगळं मुकाट ऐकून घेतलं, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. पण मी त्यामागचं कारण शोधायला गेले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अपघात झाला. बाबा माझ्या मामाला बार्शीटाकळीला सोडून एकटेच परत येत होते. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या, बाबांनी ब्रेक मारला आणि मागून येणारा मालाचा पिकअप जोरात येऊन आदळला. गाडीचा मागचा भाग चेपून गेला. बाबा वाचले, पण मानेला आणि पाठीला कायमचं दुखणं लागलं. पिकअपवाला म्हणत होता की मला दिसलंच नाही. सगळ्यांनी त्यालाच शिव्या दिल्या, मीही दिल्या. चाचाने अकोल्याला गाडी दुरुस्त करून पाठवली, पण बाबा पुन्हा स्टिअरिंगवर बसले नाहीत. दोन वर्षांनी, अगदी साध्या तापाचं निमित्त होऊन, ते गेले.

त्यानंतर मी बदली मागून अमरावतीच्या शाळेत आले आणि आईकडे राहायला लागले. आल्या-आल्याच लक्षात आलं की आईच्या डोळ्यांत काहीतरी बिघडलंय. दवाखान्यात नेलं तर काचबिंदू, आणि तोही जुना. डॉक्टर म्हणाले, हे पाच-सहा वर्षांपासून असणार, गेलेली नजर आता परत येणार नाही, आहे ती सांभाळा. आईने हे सगळ्यांपासून लपवलं होतं. भाकरी ती हाताच्या अंदाजाने थापायची, माणसं आवाजावरून ओळखायची आणि चष्म्याचा नंबर वाढला असेल असं म्हणून वेळ मारून न्यायची. मी खूप चिडले. ती म्हणाली, “सांगून काय होत होतं? तुमी मले खाटेवर बसवलं असतं.”

गाडी तीन पावसाळे ताडपत्रीखाली उभी होती. विकायचं मनात यायचं आणि ताडपत्री उचलली की हात धजायचा नाही. शेवटी मी बावन्नाव्या वर्षी गाडी शिकले. शिकवणाऱ्याने दोनदा कपाळाला हात लावला, पण शिकले. बॅटरी बदलली, चाकांत हवा भरली, आणि एक दिवस फाटकातून सरळ आत, तोंड भिंतीकडे करून, गाडी लावून दाखवली. उलटी आत घेणं मला जमत नव्हतं, अजूनही घाम फुटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले, तर आई बाहेर आलेली. अंदाजाने गाडीला हात लावत-लावत ती मागे गेली आणि उभी राहिली. मला वाटलं, बिचारीला लाल दिवा तेवढा तरी दिसत असेल. मी ब्रेक दाबला.

“लागला!” आई म्हणाली. तोच आवाज, तोच हेल.

मी निघाले. बडनेरा रोडवर सिग्नलला थांबले आणि मागून करकचून ब्रेक लावल्याचा आवाज आला. दुचाकीला दुधाच्या कॅन बांधलेला एक माणूस माझ्या खिडकीपाशी येऊन तावातावाने म्हणाला, “मॅडम, ब्रेकलाइट नाही लागून राह्यला तुमचा! आता घुसलो असतो ना मी!” मी म्हटलं, “लागतो, सकाळीच बघितलाय.” तो म्हणाला, “कोनं पाह्यला? आंधळ्यानं?” मला त्याचा असा राग आला की काय सांगू. पण पुढच्या दुकानाच्या काचेसमोर गाडी उभी करून ब्रेक दाबला तेव्हा काचेत काहीच उजळलं नाही.

संध्याकाळी घरी येऊन मी आईला विचारलं. जरा रागानेच विचारलं, आता त्याचं वाईट वाटतं.

आई म्हणाली, “टक वाजलं ना.”

“काय वाजलं?”

“पेडल दाबलं का आतमंदी टक वाजते. टक वाजलं का मी लागला म्हनतो. मले लाइट दिसत नाही, बाई. कवापासून दिसत नाही.”

“बाबा असतानाही?”

“ते होते तवाबी.”

हे बोलली आणि तिचा चेहरा बदलला. त्या क्षणी तिच्या मनात काय आलं ते मला कळलं नाही. रात्री जेवायला बसलो तेव्हा कळलं. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ती म्हणाली, “म्हंजे ज्या दिवशी ठोकर झाली त्या दिवशी बी म्याच लागला म्हनलं होतं.”

मी म्हटलं, “आई, असं काही नसतं.”

“पिकअपवाला म्हने, मले दिसलंच नाही. आपुन त्याले किती बोललो!”

तिने ताट बाजूला सारलं. त्यानंतरचे आठ-दहा दिवस आठवले की आजही मला कसंतरी होतं. आई अंगणात यायची बंद झाली. पौर्णिमेला विहारात जायचं तिने कधी चुकवलं नव्हतं, ते चुकवलं. जेवण चिमणीएवढं. मी समजावलं, ओरडले, शेवटी रडले. ती एकच म्हणायची, “ते माह्या भरोशावर गाडी काढत होते.” तिला माझं समजावणं नको होतं. त्या दिवशी तो दिवा लागत होता की नाही, एवढंच तिला हवं होतं. आणि ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

मी हाताने जेवढं होईल तेवढं केलं. मागचे दोन्ही बल्ब बदलले. फ्यूज काढून उन्हात धरून बघितला, धड दिसला, परत बसवला. दिवा काही लागला नाही. मग मी अकोल्याला चाचाला फोन केला. ते आता सत्तरीचे, दुकान बंद केलेलं. गाडी घेऊन येऊ का विचारलं तर ओरडले, “बिना ब्रेकलाइटची? बाप पाह्यत असन तं काय म्हनन? मीच येतो.”

दुसऱ्या दिवशी ते एसटीने आले. पाठीला थोडा बाक आलेला, हातात कापडी पिशवी. पिशवीत नट खोलायचे दोन पाने, चिकटपट्टी, एक नवा स्विच आणि त्यांचा तो जुना टेस्ट लॅम्प, म्हणजे एका होल्डरमध्ये छोटा बल्ब आणि त्याला दोन वायरी, एकीला चिमटा आणि दुसरीला दाभणासारखं टोक. आई व्हरांड्यात खुर्चीवर बसली होती. चाचा तिला म्हणाले, “भाबी, कशा आहा?” ती म्हणाली, “या भाऊ.” मी त्यांना फाटकापाशीच सगळं सांगून ठेवलं होतं.

चाचांची काम करायची रीत मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. मी आधी बल्ब बदलले म्हटल्यावर ते हसले. “बल्ब शेवटी, बेटा. करंट जिकून निंगते तिकून पाहात यावं.” त्यांनी चिमटा दाराच्या बिजागरीला लावला आणि टोक फ्यूजच्या एका टोकाला टेकवलं. लॅम्प लागला. दुसऱ्या टोकाला, तिथेही लागला. “इथपर्यंत ठीक आहे.” मग ते कण्हत-कुंथत डॅशबोर्डखाली शिरले. ब्रेकच्या पेडलच्या वर अंगठ्याएवढा एक स्विच असतो, त्यात दोन वायरी. एकीत करंट कायम येतो. पेडल दाबलं की तो दुसरीत उतरतो आणि तिथून मागच्या दिव्याला जातो. चाचांनी पहिल्या वायरीला टोक लावलं, लॅम्प लागला. दुसरीला लावलं आणि मला म्हणाले, “दाब.”

मी हाताने पेडल दाबलं. टक.

लॅम्प लागला नाही.

“पुन्हा दाब.”

टक. काही नाही.

“आवाज येते, करंट नाही येत,” चाचा म्हणाले. व्हरांड्यातून आईचा आवाज आला, “टक वाजते तरी?” चाचा बाहेर आले, स्विच काढून हातात घेतला. टोकांवर हिरवी बुरशी धरलेली. ते तिच्याजवळ गेले आणि तिच्या तळहातावर तो स्विच ठेवला. म्हणाले, “हो भाबी. बाहेरची दांडी हालते तं टक वाजते. पन आतमंदी जोड मिळत नाही, पॉइंट सडले. तीन बरसाती गाडी उभी राह्यली ना.”

आई स्विच बोटांनी चाचपत होती. “म्हंजे ठोकर झाली तवा हा चांगला होता?”

“चांगलाच होता. ठोकर झाल्यावर मांगचं सारं वायरिंग म्या नवीन केलं, अन् याच स्विचवर लाइट लावून पाह्यला. लागला होता.”

“अन् ठोकरच्या आधी? मांगचे बल्ब? मांगची वायर?”

मी आईच्या खुर्चीमागून चाचांना हातवारे करत होते की हो म्हणा, लागत होता म्हणा. त्यांचं माझ्याकडे लक्ष होतं, तरी ते म्हणाले, “भाबी, मांगचा सारा डबा चुरा होऊन आला होता. त्यात बल्ब बी गेला, होल्डर बी गेला. आधी लागत होता का नाही, हे मले नाही सांगता येत. झूठ कायले बोलू?”

मला त्यांचा भयंकर राग आला. चांगला माणूस म्हणून बोलावलं आणि एक खोटं बोलवत नाही यांच्याने! आईने मात्र मान हलवली आणि स्विच त्यांना परत दिला.

चाचांनी त्या दोन वायरी तात्पुरत्या एकमेकींना जोडल्या आणि मागे जाऊन दिव्याभोवती दोन्ही हातांची ओंजळ धरली, कारण गाडीची पाठ फाटकाकडे, थेट उन्हात होती. ओंजळीत डोकावून म्हणाले, “मांगचं सारं ठीक आहे. नवा स्विच बसवला का झालं. पन बेटा, गाडी फिरव. डोकं उन्हाकडं कर. मले आत काही दिसून नाही राह्यलं.”

म्हणजे गाडी उलटी आत घ्यायची. मी कुरकुर केली, दोनदा बाहेर काढली, एकदा कोरफडीची कुंडी पाडली आणि अखेर गाडी बाबा लावायचे तशी उभी केली. चाचांनी नवा स्विच बसवला. मी सीटवर बसले. ते म्हणाले, “मी मांग जातो. म्हनलं का दाब.” पण गुडघे धरून ते उठेपर्यंत माझ्याने थांबवलं नाही. मी ब्रेक दाबला.

माझ्या उजव्या हाताला, दाराच्या आरशात, लाल दिवा दिसला.

मी ओरडले, “लागला!”

चाचा अजून दारापाशीच होते. “तुले बसल्या जागी कसं दिसलं?”

मला कळेना. मी पाय उचलला, दिवा गेला. पुन्हा दाबला, पुन्हा आला. दाराच्या आरशात भिंत होती, भिंतीवर तो बुटका, तिरपा, धुळीने माखलेला आरसा होता आणि त्या आरशात माझ्याच गाडीचा मागचा दिवा होता. मी डोकं थोडं इकडे हलवलं, दिसेना. तिकडे हलवलं, दिसेना. सीटवर नीट टेकून, हात स्टिअरिंगवर ठेवून, बाबा बसायचे तसं बसलं तरच दिसत होता.

मी उतरून आरशापाशी गेले. त्याच्या एका बाजूच्या मागे लाकडाची चिपटी ठोकून तो नेमका वळवलेला होता. चिपटीवर सुताराच्या पेन्सिलीच्या चार-पाच खुणा होत्या, म्हणजे कितीदा तरी सीटवर जाऊन, परत येऊन त्यांनी ती बसवली असणार. मी दाढी पोटाला आहे का विचारत होते तेव्हा त्यांना काय वाटलं असेल!

चाचा माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि कितीतरी वेळ आरशाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “हे म्या सांगतलं होतं त्याईले. साफ इसरलो होतो. दुकानात चहा पीत बसलो होतो. म्हने, एकट्या मानसानं मांगचा लाइट कसा पाहाचा? म्या म्हनलं, भिंतीले आरसा ठोका. पन तुमाले काय गरज, भाबी उभ्या राह्यतेत ना?”

“मग काय म्हणाले?”

चाचांनी आईकडे बघितलं. ती खुर्चीवरून उठली होती.

“सांगा भाऊ,” ती म्हणाली.

“म्हने, तिच्या डोयाचं आता काही खरं नाही. ती सांगत नाही, अन् मी इचारत नाही.”

आई भिंतीला हात लावत-लावत आली. मी तिचा हात धरून आरशावर ठेवला. तिने काचेवरून बोटं फिरवली, कडेने मागे नेली, तिला चिपटी लागली.

“हा आरसा चुना मारला त्या दिवाळीचा,” ती म्हणाली. ती मला सांगत नव्हती, मनाशी हिशेब लावत होती. “ठोकर झाली ते त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात.”

“हो.”

“म्हंजे तवा ते रोज आपल्या डोयानं पाह्यत होते.”

“रोज, आई. त्या दिवशीही बघितला असणार. नसता लागला तर बाबांनी गाडी काढली असती का?”

मला वाटलं, आता रडेल. पण ती एकदम उसळली, चाचांकडे वळून म्हणाली, “मंग मले रोज थंडीवाऱ्यात मांग काहून उभं करून राह्यले होते?”

जणू चाचांनीच तिला उभं केलं होतं! चाचा टेस्ट लॅम्पची वायर गुंडाळत राहिले. आणि मग आई रडली, बाबा गेले तेव्हाही एवढी रडली नव्हती. मीही रडले. ते गेल्यानंतर पहिल्यांदाच मला बाबांची इतकी कडकडून आठवण आली, आणि त्यांच्याशी भांडायचीही इच्छा झाली की निदान मला तरी सांगायचं होतं.

त्या दिवशी आई दोन भाकरी जेवली. चाचांना तिने बळेच वांग्याची भाजी वाढली आणि म्हणाली, “तुमच्या घरच्या खिम्याएवढी काही होनार नाही.” चाचा म्हणाले, “त्या खिम्याची तारीफ ते माह्याजवळ करत, अन् तुमच्या वांग्याची बी.” ती म्हणाली, “माह्याजवळ तं कधी नाही केली.” संध्याकाळच्या एसटीने चाचा गेले. सडका स्विच मी ठेवून घेतला आहे, माझ्या टेबलाच्या खणात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आरसा पुसला आणि सीटवर बसले. ब्रेक दाबला. दाराच्या आरशात लाल दिवा स्वच्छ दिसला. आता निघायला हरकत नव्हती, शाळेला उशीर होत होता. तेवढ्यात व्हरांड्यातून आईच्या चपलांचा आवाज आला. गाडीला हात लावत-लावत ती मागे गेली आणि त्या बोळकांडीत उभी राहिली.

उभ्या आयुष्यात ज्याची मला लाज वाटत आली, ते मी काच खाली करून विचारलं. “लागला का?”

“तुले दिसते ना आरशात?” मागून आवाज आला. “मंग मले कायले इचारते?”

“तरी सांग.”

आरशात मला दिसलं की ती वाकली, चाचपडत दिवा शोधला आणि त्याच्या लाल काचेवर आपला तळहात ठेवला. काच गरम व्हायला थोडा वेळ लागतो. ती तशीच वाकून थांबली. मीही ब्रेकवरचा पाय उचलला नाही.

“लागला!” आई म्हणाली.